बघायला म्हणून निघालो

(चांदवड येथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



'बाई आणि मोकळा वेळ' या विषयावर मी बोलावं असं मला कळवलं होतं. विषय ऐकून आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, "मग तू उभी राहून लगेच खालीच बसशील. बोलायला आहे काय त्यात?" तिचं खरं आहे. म्हणून विषयावर न बोलता मी आमच्या एका सहलीची हकीगत सांगते. त्या सहलीत आमच्याकडून एक चूक झाली. तीही सांगते, कारण ती चूक तुमच्यापैकी अनेकींनी केली असेल.

मी निफाड तालुक्यातल्या गावात बचतगटाचं काम करते. गेल्या श्रावणातल्या बैठकीत मी सगळ्यांना विचारलं की गेल्या पाच वर्षांत तुम्ही गावाबाहेर कधी गेलात आणि कशासाठी. फळ्यावर लिहीत गेले. माहेर, लग्न, दहावं-तेरावं, दवाखाना, बाजार, देव. एकतीस बायांची पाच वर्षं या सहा शब्दांत बसली. 'नुसतं बघायला' असं एकीनेही सांगितलं नाही. घरातले पुरुष मात्र कुणी सोसायटीच्या सहलीला कोकणात जाऊन आले होते, कुणी मित्रांबरोबर गोव्याला. त्यांना कुणी कारण विचारलं नव्हतं.

तेव्हा ठरलं की एक दिवस आपणही जायचं. पोळा झाल्यावर, नवरात्राच्या आधी. तेव्हा निंदणी आटोपलेली असते आणि द्राक्षाची छाटणी सुरू व्हायची असते. चांदवड बघायचं, तिथून मनमाडजवळच्या अणकाईच्या डोंगरावर जायचं, रात्री घरी यायचं.

आता घरी काय सांगायचं? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "रेणुकामातेला जातो म्हणून सांगू." आणि मी मान डोलावली. हीच ती चूक. पुढे येईलच.

मान डोलावताना मला माझीच आठवण झाली. १९८६ च्या नोव्हेंबरात, ९ आणि १० तारखेला, याच चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासूबाईंना मी सांगितलं की शेजारणींबरोबर देवीच्या दर्शनाला जाते. फडक्यात भाकऱ्या आणि ठेचा बांधला आणि ट्रकमध्ये चढले. इथे येऊन पाहते तर नजर पोचेल तिथवर लुगडीच लुगडी. लाखावर बाया जमल्या होत्या. शरद जोशींचं भाषण मला तेव्हा अर्धंच समजलं. जिल्हा परिषदेच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या हा ठराव ऐकून तर हसू आलं होतं. पण एवढ्या बाया एकाच वेळी घराबाहेर पडू शकतात हे डोळ्यांनी दिसलं, ते पुसलं गेलं नाही. पुढे १९८९ ला अमरावतीच्या अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचं काम उभं राहिलं. शंभर घरांनी बाईच्या नावावर जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. १९९३ ला घटनादुरुस्तीने पंचायतीतल्या एकतृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, २०११ ला महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. हे सगळं झालं. पण घरातून निघताना सांगायचं कारण मात्र तेच राहिलं. मी सासूला जे सांगितलं तेच माझ्या गटातल्या सुना आज सांगतात.

असो. निघालो. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न निम्मा सुटला होता. कंडक्टरने विचारलं, "देवीला का?" आम्ही एकतीसजणी म्हणालो, "हो."

वाट दाखवायला मनमाडची एक मुलगी आली होती. इतिहास शिकलेली, डोंगर फिरलेली. ती चांदवडच्या स्टँडवर भेटली. आधी देवीलाच गेलो. महामार्गाला लागून डोंगराच्या कुशीत देऊळ आहे, अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. ओटी भरून झाल्यावर त्या मुलीने विचारलं, "इथे देवीचं मुखच का आहे, माहीत आहे का?" एक आजी म्हणाल्या, "शिर इथं पडलं आन् धड माहूरला, असं सांगत्यात." "पण शिर का उडवलं?"

गोष्ट सगळ्यांना माहीत होती. रेणुका नदीवर पाण्याला गेली. तिथे जलक्रीडा करणारा गंधर्व राजा दिसला. ती बघत राहिली, मन क्षणभर चळलं, आश्रमात परतायला उशीर झाला. जमदग्नीने मुलाला सांगितलं, हिला मार. परशुरामाने आईचं डोकं उडवलं. मग वर मागून तिला पुन्हा जिवंतही केलं.

गोष्ट सांगून आजी गप्प झाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "म्हंजे बघितलं, एवढाच तिचा गुन्हा."

त्यांची श्रद्धा कमी झाली नाही. त्यांनी पुन्हा हात जोडले. आमच्यातल्या दोघी विधवा बाहेर पायरीवर थांबल्या होत्या, त्यांना आजींनीच हाताला धरून आत नेलं.

तिथून गावातल्या रंगमहालात गेलो. हा होळकरांचा वाडा. कोरीव लाकूडकाम, भिंतींवरची चित्रं. अहिल्याबाईंची तसबीर आपण पाहतो ती पांढऱ्या लुगड्यातली, हातात पिंड घेतलेली. पण १७५४ ला नवरा गेला, १७६६ ला सासरा, १७६७ ला मुलगा, आणि त्यानंतर १७९५ पर्यंत अठ्ठावीस वर्षं या बाईने राज्य चालवलं. काशीपासून गयेपर्यंत देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. मी बायांना विचारलं, धर्मशाळा आणि विहीर म्हणजे काय? एक तरणी सून पटकन म्हणाली, "परगावी गेलेल्या माणसाला झोपायला जागा आन् प्यायला पाणी." बरोबर. मग तिनेच पुढे विचारलं, "आन् आपल्याला इथं बाथरूम कुठंय?" हसलो सगळ्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या दिवशी अर्ध्या बाया सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या, जावं लागेल म्हणून. बाईचं फिरणं तिथे अडतं, मैत्रिणींनो.

पुढे दोन क्रुझर ठरवून मनमाडवरून अणकाईला गेलो. रस्त्याने सातमाळ्याचे डोंगर, पाऊस नुकताच उघडलेला, कड्यांवर ढग. चांदवडचा किल्ला, मागे इंद्राई. रोज शेतातून हेच डोंगर दिसतात, पण त्यांची नावं विचारायला कुणाला सवड झाली नव्हती. वाटेत पांढऱ्या वस्त्रांतल्या जैन साध्वी दिसल्या होत्या. त्यावर गाडीत चर्चा रंगली. एक म्हणाली, "त्यांना सगळं सोडल्यावर हिंडायला मिळतं. आपण काही न सोडता एकच दिवस मागतोय."

अणकाई आणि टणकाई हे जोडकिल्ले. मधल्या खिंडीकडे चढताना टणकाईच्या अंगाला जैन लेणी आहेत. एका लेण्यात अंबिकेची मूर्ती आहे, बाविसाव्या तीर्थंकराची, नेमिनाथाची यक्षी. मुलीने तिची जैन पुराणातली कथा सांगितली. ती एका ब्राह्मणाच्या घरची सून. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता, दारी जैन साधू आला. ब्राह्मण जेवायच्या आधी तिने साधूला अन्न दिलं. नवऱ्याने दोन लेकरांसह घराबाहेर काढलं. पुढे तो तिला परत आणायला निघाला, पण तो आता मारणार अशा भीतीने तिने जीव दिला आणि मग ती देवी झाली. ऐकून आमच्यातली एकजण म्हणाली, "मेल्यावरच देवी करत्यात." स्वतः रांधलेलं अन्न कुणाला द्यायचं हे बाईने ठरवलं, म्हणून घर गेलं. या कथेला कुणाला अर्थ सांगावा लागला नाही.

अणकाईचा चढ दमवणारा आहे. दोघी खिंडीतच थांबल्या. बाकीच्या बसत उठत, एकमेकींना हात देत, दरवाजे ओलांडून माथ्यावर पोचलो. वर मोठं पठार आहे, अगस्ती ऋषींचं स्थान आहे आणि पाण्याचं तळं आहे. समोर हडबीची शेंडी, खाली रेल्वेचे रूळ. कुणीतरी म्हणालं, अगस्तीने समुद्र पिऊन टाकला. मावशीने विचारलं, "त्याची बायको काय करीत होती?"

तिचं नाव लोपामुद्रा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १७९ व्या सूक्तात तिचं बोलणं आहे. मी शाळेतल्या भाषेत सांगितलं. ती नवऱ्याला म्हणते की वर्षानुवर्षं दिवसरात्र मी कष्टत आले, थकले, आता म्हातारपण येऊन शरीराची शोभा जाईल, तू तपातून माझ्याकडे बघ. ऋषीपत्नीने स्वतःचा शीण आणि स्वतःची इच्छा बोलून दाखवली आणि ती वेदात टिकली. मावशी खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या घरात एवढं बोललं असतं तर?"

तळ्याकाठी शिदोऱ्या सोडल्या. जेवण झाल्यावर तासभर कुणालाच काही काम नव्हतं. भांडी नाहीत, जनावरं नाहीत, कुणी हाक मारणारं नाही. पहिली दहा मिनिटं बाया अस्वस्थ होत्या, एकीने तर दुसरीच्या डोक्यातली ऊ बघायला घेतली. मग हळूहळू शांत झाल्या. कुणी आडवी झाली, कुणी नुसती खाली बघत बसली. मोकळा वेळ म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. तो वापरायलाही शिकावं लागतं.

परत यायला रात्रीचे साडेनऊ वाजले. आणि एका घराचं दार बंद होतं.

झालं असं, की कुणीतरी डोंगरावरचे फोटो मोबाइलवर टाकले. ते दुपारीच गावात फिरले. या बाईच्या नवऱ्याने पाहिलं की देवीला गेलेली बायको गडावर बसून हसते आहे. त्याने दार लावून घेतलं. ती रात्रभर ओट्यावर बसली. तिने कुणाला उठवलं नाही. सकाळी कळलं तेव्हा आम्ही आठजणी तिथे जाऊन बसलो. तो म्हणाला, "देवीला गेली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. खोटं बोलून डोंगर हिंडली." आम्ही त्याला म्हणालो की खोट्याचा निवाडा नंतर करू, आधी दार उघड. बाईला रात्रभर बाहेर ठेवणं हा छळ आहे, कायद्यानेही छळ आहे. दार उघडलं. त्याला गटासमोर कबूल करावं लागलं.

पण मला लागलं ते तिचं बोलणं. ती म्हणाली, "ताई, मी डोंगर बघितला यात माझं काही चुकलं नाही. खोटं बोलले ते मात्र तुम्ही सगळ्यांनी ठरवलं म्हणून."

मला उत्तर देता आलं नाही. रेणुकेच्या देवळात आम्ही म्हणालो होतो की बघितलं एवढाच तिचा गुन्हा. आणि देवीचंच नाव पुढे करून आम्ही मान्य करून बसलो होतो की बघणं हा गुन्हाच आहे, तो लपवायला हवा. चाळीस वर्षं मी बायांना मालमत्तेचा हक्क सांगते, २००५ चा वारसा कायदा समजावते. पण 'मला बघायला जायचंय' हे साधं वाक्य घरात उच्चारायला मी कुणाला शिकवलं नव्हतं, कारण मीच कधी उच्चारलं नव्हतं.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी मला म्हणतात, बायका मार खातायत, पाण्यासाठी वणवण आहे, कर्जापायी कुंकू पुसलं जातंय, आणि तू सहली काय काढतेस? मी एवढंच म्हणते की १९८६ ला मी घराबाहेर पडले नसते तर आज इथे उभी नसते. आणि आणखी एक. सहलीला कोण येऊ शकली नाही ते पाहिलं की गावातल्या बाईची परिस्थिती समजते. आमच्या चौघी आल्या नाहीत. एकीकडे अंथरुणाला खिळलेला सासरा, दोघींकडे दुभतं जनावर, एक मजूर, जिची दिवसाची रोजी बुडाली असती. कुठल्या पाहणीत हे इतकं स्वच्छ कळलं असतं?

म्हणून पुढच्या वेळी आम्ही काही गोष्टी ठरवल्या. गटाच्या वहीत 'सहल' असंच लिहायचं. घरी तेच सांगायचं. मजूर बाईची रोजी गटाच्या निधीतून भरायची. धार काढायची आणि म्हाताऱ्यांची पाळी घरातल्या पुरुषांनी घ्यायची, ते आधी बैठकीत बोलून घ्यायचं. बाथरूम कुठे आहे ते एकीने आधी जाऊन बघायचं. आणि परत आल्यावर प्रत्येकीला दारापर्यंत सोडायचं, दार उघडलेलं बघूनच निघायचं.

फाल्गुनात तशी सहल काढली. खरं सांगून निघालो तर एकतीसच्या एकोणीसच राहिल्या. बाराजणींना घरून नाही म्हटलं गेलं, त्यातल्या तिघींनी पुढच्या खेपेचं वचन घेतलं आहे. मला हा आकडा कमी वाटत नाही. त्या एकोणीसजणी कुणाच्या नावाआड न लपता गेल्या. ओट्यावर बसलेली ती बाईही होती. तिच्या नवऱ्याने त्या दिवशी म्हशीची धार काढली. नीट काढता आली नाही म्हणे.

तुमच्या गावी गेलात की फळ्यावर तो प्रश्न लिहून बघा. गेल्या पाच वर्षांत कुठे गेलात, कशासाठी? काय उत्तरं येतात ते पुढच्या शिबिरात मला सांगा. एवढं बोलून थांबते.