नक्कल कोणत्या तारखेची?



पीककर्जाला गेलं की बँक सातबारा मागते, आणि तोही ताजा. चार वर्षांपूर्वीचा उतारा खोटा नसतो. पण मधल्या काळात फेरफार झाला असेल, तर त्याच्यावर विसंबता येत नाही.

परवा एक अर्ज ऑनलाइन भरताना जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव सापडेना. होतं ते उस्मानाबाद. जिल्ह्याचं नाव बदललं २०२३ मध्ये, आणि यादी त्याआधी कुणीतरी उतरवून घेतलेली! जिथून घेतली, तिकडे पुन्हा कुणी फिरकलंच नव्हतं.

वेबवरची माहिती एकमेकांशी जोडायची कशी, याचे नियम वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये मांडले. २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा हा खुला माहितीसाठा त्याच वाटेने जातो. तिथे नोंद असलेल्या प्रत्येक गावाला, नदीला, माणसाला एक क्रमांक असतो. नाव बदललं तरी क्रमांक तोच. पण दर वेळी मुळाकडे जाऊन विचारणं परवडत नाही, म्हणून लोक नक्कल जवळ ठेवतात. त्यात गैर काही नाही. ती ताजी ठेवायची सोय वेबमध्ये फार आधीपासून आहे, ती वापरली पाहिजे.

नक्कल ठेवणारा संगणक मूळ संगणकाला विचारतो, ‘मी अमुक तारखेला हे नेलं, त्यानंतर काही बदललं का?’ बदल नसेल तर उत्तर येतं फक्त एक आकडा, ३०४, म्हणजे ‘काही बदललं नाही’. सगळं पान पुन्हा पाठवावं लागत नाही. लाखो नोंदी असतील तर मात्र एकेक विचारत बसू नये. विकिडेटा बदलांची यादी सतत देत असतो, ती वाचावी. तलाठ्याची फेरफार नोंदवहीच म्हणा ना!

खरी अडचण काढून टाकलेल्या नोंदींची. मूळ ठिकाणाहून नोंद गेली, तरी नकलेत ती तशीच राहते, सातबाऱ्यावर मयताचं नाव राहावं तशी. ती शोधून काढावीच लागते, आणि हेच काम सर्वांत जास्त टाळलं जातं.

तुमच्या संस्थेने वेबवरून अशी एखादी यादी घेतली असेल, तर ती कोणत्या दिवशी घेतली, ती तारीख आजच तिच्याशेजारी लिहा. आठवत नसेल, तर यादी नव्याने घ्या.