बाळंतिणीची साखर आणि बाळंतिणीचे मन



विडी कामगारांच्या युनियनचा माणूस बाळंतपणावर काय बोलणार, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका वाचून पुष्कळांना पडला असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते जिल्हा वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. वैद्यकीतले आम्हाला फार कळते असा दावा नाही. परंतु तीस वर्षे आम्ही विड्या वळणाऱ्या बायकांची गाऱ्हाणी ऐकत आलो आहोत, आणि अलीकडे त्यांत एक नवे गाऱ्हाणे आले आहे : ‘दिवस गेलेत, आणि साखर निघाली.’

ही साखर म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत सांगतो. पोटातल्या बाळाला जी वार पोसते, तिच्यातून काही रस आईच्या रक्तात उतरतात. ते इन्सुलिनचे काम अडवतात. बहुतेक बायकांचे शरीर जास्त इन्सुलिन करून ही अडचण निभावून नेते; ज्यांचे निभत नाही त्यांच्या रक्तात साखर साठते. म्हणजे पेढे खाल्ले म्हणून हा आजार झाला, हे म्हणणे खरे नव्हे. ‘ती तर काडीसारखी, तिला कशी साखर?’ हेही तसेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांतल्या माता व मुले यांचा अभ्यास चालविला. आपली मुले वजनाने कमी, पण अंगात चरबी मात्र त्या मानाने जास्त, असे त्यांना आढळले. तेव्हा आपल्याकडे अंगकाठी पाहून साखरेचा अंदाज बांधू नये.

तपासणी सोपी आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे पहिल्याच भेटीत 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी रक्त पाहायचे. उपाशीपोटी जायलाच हवे असे नाही. आकडा 140 किंवा वर गेला तर उपचार. नाही तर 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा. सोपी खरी, पण ते दोन तास कोणाचे? जिला हजार विड्यांमागे मजुरी मिळते, तिचे दोन तास, अधिक जाण्यायेण्याचा वेळ, अधिक रांग, म्हणजे निम्मा रोज गेला. मग ती म्हणते, पुढच्या खेपेला बघू. डॉक्टर म्हणतात बाई अडाणी आहे. ती अडाणी नाही, तिचा हिशेब पक्का आहे. हा हिशेब बदलावयाचा तर त्या दिवसाची मजुरी कोणीतरी भरली पाहिजे, आणि ही मागणी आम्ही मालकांपुढे अनेकदा ठेवली आहे. उत्तर काय मिळते ते सांगून आपली करमणूक करीत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. ती सांगावी की नाही याचा आम्ही फार विचार केला. सुनेला विचारले, तिने होय म्हटले, म्हणून सांगतो.

तिला सातव्या महिन्यात साखर निघाली. त्या दिवसापासून घरातला जो तो तिच्या ताटाचा पहारेकरी झाला. डोहाळजेवणाला पाच जणींच्या ताटात जिलबी आणि हिच्या ताटात काकडी! ‘बाळाला काही झाले तर?’ हे वाक्य घरात दिवसातून दहादा उच्चारले जाई, आणि त्यात आमचाही आवाज होता. बाळ सुखरूप झाले. साखर उतरली. आम्ही गल्लीत पेढे वाटले आणि विषय संपला असे समजलो. ती मात्र बाळ निजले तरी निजत नसे. डिंकाचा लाडू हातात दिला तर दचकून खाली ठेवी. पदरात तोंड घालून रडे. आम्ही म्हणालो, माहेरची आठवण येते आहे. महिना गेला, दीड महिना गेला. जन्मभर कामगारांची दुखणी मालकांना समजावून सांगणारे आम्ही, आणि आमच्या स्वयंपाकघरातले दुखणे आम्हाला दिसले नाही. ते दिसले आशाताईंना. त्या बाळाचे वजन करायला आल्या होत्या. त्यांनी सहज विचारले, ‘तुझं कसं चाललंय गं?’ तेव्हा ती बोलली : ‘मीच बाळाला पोटात असताना विष पाजलं.’

बाळंतपणानंतर थोडे दिवस मन हळवे होणे नेहमीचेच असते. दोन आठवड्यांत ते ओसरते. त्यापुढे टिकले तर तो आजार, आणि त्याला औषध आहे. साखरेशी त्याचे नाते काय? 2016 साली अमेरिकेत सुमारे 2800 गरोदर बायकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या सहा महिन्यांत ज्या सर्वांत खिन्न होत्या, त्यांच्यात पुढे साखर निघण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले. आणि ज्यांना साखर निघाली, त्यांच्यात बाळंतपणानंतरची खिन्नता चौपटीहून अधिक. नाते दोन्ही बाजूंनी आहे. आणखी एक गोष्ट आमच्या मनात राहिली : खिन्नतेमागून साखर येण्याचे हे नाते लठ्ठ नसलेल्या बायकांतच दिसले. अर्थात अमुकामुळे तमुक झालेच, असे अशा पाहणीवरून म्हणता येत नाही. काळजीने शरीरात जे रस वाढतात ते साखरही वाढवतात, एवढे मात्र ठाऊक आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, साखर ज्या बैठकीत मोजतात त्याच बैठकीत मनही विचारावे. त्यासाठी 1987 साली एडिंबरोत तयार झालेली दहा प्रश्नांची एक यादी आहे. मागल्या सात दिवसांत कसे वाटले, एवढेच ती विचारते. हे विचारायला मोठा डॉक्टरच लागतो, ही सबब निदान आपल्या जिल्ह्याने सांगू नये. जामखेडला 1970 नंतर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका केले, आणि 1979 साली त्या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिल्ह्याचे नाव 2024 साली बदलले, जामखेड तिथेच आहे.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासावी लागते, कारण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दसपट असतो. आमच्या सुनेची ही तपासणी सहाव्या महिन्यात झाली. त्या दिवशी नातू दोन तास आमच्या मांडीवर होता, आणि युनियनची मीटिंग दुसऱ्याने चालविली.