हे तेवढे छापू नका
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाने ज्ञातीतील घराण्यांच्या वंशावळी गोळा करून त्या ग्रंथरूपाने छापण्याचे योजिले आहे, हे आपण जाणताच. त्या कामानिमित्त आम्ही गेली दोन वर्षे घरोघर हिंडलो. सर्वत्र आदरातिथ्य झाले. परंतु दोन वाक्ये इतक्या वेळा आमच्या कानी पडली की ती आता पाठ झाली आहेत. पहिले वाक्य असे : "आमचे मूळ पुरुष तिघे भाऊ. तिघे एकत्र निघाले आणि तीन गावी राहिले." दुसरे वाक्य थोड्या हलक्या आवाजात येते : "गुरुजी, हे तेवढे छापू नका."

या दोन वाक्यांचे करावे काय, या विवंचनेत आम्ही वंशावळीच्या विषयावर मिळेल ते वाचीत होतो. तेव्हा अमेरिकेत इंग्रजांचा अंमल असताना तेथे जाऊन वसलेल्या जर्मन घराण्यांची हकीकत वाचनात आली. त्यांच्या वंशजांनी आपले मूळ शोधण्याचा उद्योग शंभर वर्षांहून अधिक काळ चालविला आहे, आणि त्यांच्यापुढेही नेमकी हीच दोन वाक्ये उभी राहिली होती. म्हणून आज आम्ही आपणांस थोडा वेळ त्या दूरदेशी नेणार आहोत. जे शिकण्यासारखे आहे ते परक्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या गृहस्थास १६८१ साली इंग्लंडच्या राजाकडून पेनसिल्व्हेनिया या प्रांताची सनद मिळाली. ज्याला त्याला आपल्या पंथाप्रमाणे भजनपूजन करण्याची मुभा राहील असे त्याने जाहीर केले. ता. ६ ऑक्टोबर १६८३ रोजी ऱ्हाइनकाठच्या क्रेफेल्ड गावातील तेरा कुटुंबे 'कॉन्कॉर्ड' नावाच्या जहाजाने फिलाडेल्फियास उतरली आणि त्यांनी जर्मनटाउन हे गाव वसविले. पुढे १७०९ च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर पॅलॅटिनेट व आसपासच्या प्रदेशांतून सुमारे तेरा हजार माणसे लंडनला येऊन थडकली. त्यांपैकी सुमारे तीन हजार १७१० साली न्यूयॉर्ककडे धाडण्यात आली. आरमारासाठी पाइन वृक्षांपासून डांबर काढण्याचे काम त्यांना दिले होते. तो बेत फसला आणि ती माणसे रानावनांत पांगली. त्यानंतर १७७५ पर्यंत फिलाडेल्फियाच्या बंदरात अशा लोकांची जहाजे येतच राहिली. इ. स. १७०० पासून तोवर ऐंशी हजारांहून अधिक जर्मनभाषी लोक अमेरिकेत गेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

त्यांनी घरदार का सोडले? त्या काळी जर्मनी असे एक राष्ट्रच नव्हते. शेकडो लहानमोठी संस्थाने होती. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने ऱ्हाइनचा मुलूख उजाड केला. तो सावरतो न सावरतो तोच १६८९ साली फ्रेंच फौजांनी पॅलॅटिनेटमधील नगरे जाळली. वर करांचा बोजा, आणि भावाभावांत वाटून वाटून पोटापुरतीही न उरलेली जमीन. जमिनीच्या वाटण्यांचे दुःख आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रवास कसा होता, हे एका शाळामास्तराने लिहून ठेवले आहे. त्याचे नाव गॉटलिब मिटेलबर्गर. १७५० साली तो एका चर्चचे ऑर्गन वाद्य घेऊन पेनसिल्व्हेनियास गेला, तेथे मास्तरकी केली, १७५४ साली परतला आणि १७५६ मध्ये त्याने आपली हकीकत प्रसिद्ध केली. ऱ्हाइन नदीने रॉटरडॅमपर्यंत, वाटेत नाक्यानाक्यावर जकात, तेथून इंग्लंडचे एखादे बंदर आणि मग अफाट समुद्र, असा सारा मिळून सहा महिन्यांचा प्रवास. आपल्या जहाजावर बत्तीस मुले दगावली व ती समुद्रास अर्पण करावी लागली, असे तो लिहितो. लोकांनी या फंदात पडू नये हा त्याचा हेतू होता, त्यामुळे अभ्यासक त्याचे म्हणणे तारतम्याने घेतात. तथापि मुख्य गोष्टीला इतर कागदांचाही आधार आहे.

ती मुख्य गोष्ट म्हणजे भाड्याचे कर्ज. ज्यांच्यापाशी जहाजाचे भाडे नसे, त्यांना किनाऱ्यास लागल्यावरही उतरू देत नसत. शहरातील व आसपासचे लोक जहाजावर येत, माणसे पाहत, त्यांचे भाडे भरत आणि त्या बदल्यात त्यांना करारबद्ध चाकर म्हणून घेऊन जात. मोठ्या माणसास तीन ते सहा वर्षे राबावे लागे. लहान मुले वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत बांधली जात. आईबापांना आपले भाडे फेडण्यासाठी पोटची मुले दुसऱ्याच्या हवाली करावी लागत. अर्ध्याहून अधिक वाट कापल्यावर नवरा वारला, तर त्याचेही भाडे बायकोच्या माथी बसे.

आता त्यांचे वंशज मूळ पुरुषाचा शोध कसा घेतात ते पाहू. एवढी परकी माणसे येतात, ती उद्या आपल्या राजाला मानतील की नाही, अशी शंका पेनसिल्व्हेनियाच्या सरकारास आली. म्हणून १७२७ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने उतारूंची यादी द्यावी आणि सोळा वर्षांवरील पुरुषांनी राजनिष्ठेच्या प्रतिज्ञेवर सही करावी, असा नियम झाला. संशयापोटी केलेली ही दप्तरे आज वंशजांचे सर्वांत मोठे धन होऊन बसली आहेत. १९३४ साली स्ट्रासबर्गर आणि हिंके या दोघा विद्वानांनी ती तीन खंडांत प्रसिद्ध केली. दुसऱ्या खंडात त्या सह्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आहेत. आपल्याकडे तीर्थोपाध्यायाच्या वहीत आजोबांच्या हातचे अक्षर पाहून जसे मन भरून येते, तसेच तेथील माणसाला ती सही पाहून होत असेल. ज्याला लिहिता येत नसे त्याने खूण केली आहे. ती खूणही जपली गेली आहे.

परंतु या याद्यांत तीन उणिवा आहेत. पहिली, स्त्रिया आणि मुले त्यांत सहसा नाहीत. दुसरी, इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे नाव लिहिले. पुढे इंग्रजी शेजाऱ्यांत राहून तर नावे पारच पालटली. म्युलरचा मिलर झाला, श्नायडरचा स्नायडर, युंगचा यंग. त्सिमरमान म्हणजे सुतार, म्हणून कोणी सरळ भाषांतर करून कार्पेंटर म्हणवून घेतले. अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचा १७३८ साली आलेला पूर्वज आंद्रेआस हूबर होता. १९५९ साली भारतभेटीस आलेले अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे मूळ आडनाव आयझेनहाउअर. त्यांचा पूर्वज हान्स निकोलाउस १७४१ साली फिलाडेल्फियास उतरला. त्यातच योहान हे नाव एकाच घरातील साऱ्या भावांना असे : योहान गेओर्ग, योहान पेटर. हाक मारायचे नाव दुसरे. मूल वारले तर पुढच्या मुलास तेच नाव ठेवीत. अशा स्थितीत नुसते नाव जुळले म्हणून मूळ पुरुष सापडला असे मानणारा फसलाच म्हणून समजावे.

तिसरी उणीव सर्वांत मोठी. त्या याद्यांत मूळ गाव लिहिलेले नसते. मग ते शोधावे कसे? जाणकारांची रीत अशी की, मूळ पुरुषापासून कधीच आरंभ करू नये. आपणांपासून आरंभ करावा आणि एकेक पिढी कागदाने पक्की करीत मागे जावे. मृत्युपत्रे, जमिनीचे दस्त, थडग्यांवरील लेख, आणि चर्चच्या वह्या पाहाव्यात. योहान कास्पर स्टोव्हर नावाच्या धर्मगुरूने १७३० पासून जवळजवळ अर्धशतक गावोगाव हिंडून केलेल्या बाप्तिस्म्यांची व लग्नांची नोंद ठेवली. त्या एका वहीवर कितीएक घराण्यांचा इतिहास उभा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी साक्षीस कोण उभे होते हेही पाहतात, कारण परमुलखात माणूस आपल्याच गावच्या माणसास साक्षीला बोलावतो. रंगीत वेलबुट्टीने सजविलेले जन्म-बाप्तिस्म्याचे कागद घराघरांत असत. त्यांवर आईचे माहेरचे आडनाव लिहिलेले असे. पुष्कळदा मूळ गावाचा दरवाजा त्या माहेरच्या नावानेच उघडतो. ज्या घराने सुनांची माहेरची नावे टाकून दिली, त्याने आपलीच किल्ली विहिरीत टाकली असे म्हणावे लागेल.

जर्मनटाउनात क्रिस्टोफ साउअर याने १७३९ पासून जर्मन भाषेत वृत्तपत्र काढले होते. अशा पत्रांत ताटातूट झालेल्या माणसांच्या जाहिराती येत : भाऊ बहिणीस शोधतो आहे, बाप मुलास शोधतो आहे. त्या जाहिरातींत गावाचे नाव सापडते. आणि शेवटी त्या गावच्या चर्चची वही उघडली की, प्रयाण केलेल्या माणसाच्या नावापुढे धर्मगुरूने क्वचित चारच शब्द लिहिलेले असतात : अमेरिकेस निघून गेला. दोन्ही टोके तेथे जुळतात.

असा कसोशीने शोध झाल्यावर पहिल्या वाक्याचे काय झाले? तिघा भावांची कथा त्या जर्मन घराण्यांतही घरोघर होती. पुष्कळ ठिकाणी असे दिसून आले की ते तिघे एका आडनावाचे असले तरी भाऊ नव्हते. ते निरनिराळ्या साली, निरनिराळ्या गावांहून आले होते. मूळ पुरुष सरदार होता, त्याचे राजचिन्ह होते, अशाही कथा होत्या. कागद काय म्हणाले? त्यांतले बहुतेक शेतकरी, विणकर, सुतार. किंबहुना कित्येकजण आपल्या देशी जहागीरदाराच्या बंधनातील कुळे होती आणि गाव सोडण्यापूर्वी पैसे भरून त्यांनी आपली सुटका करून घेतली होती. त्या सुटकेच्या नोंदी जर्मनीच्या दप्तरखान्यांत आहेत, आणि मूळ गाव शोधण्यास आज त्याच उपयोगी पडतात.

आता दुसरे वाक्य : हे तेवढे छापू नका. १८९१ साली या जर्मन घराण्यांच्या वंशजांनी एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव पेनसिल्व्हेनिया जर्मन सोसायटी. आपल्या मंडळासारखेच ते होते. पूर्वजांचा अभिमान जागविणे हा त्याचा हेतू. या मंडळाने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या वार्षिक ग्रंथमालेत काय छापावे? फिलाडेल्फियाच्या नगराध्यक्षाच्या कचेरीतील १७७१ ते १७७३ या वर्षांची करारबद्ध चाकरांची नोंदवही! कोण, कोणाच्या घरी, किती वर्षे आणि किती रकमेसाठी बांधला गेला, हे ओळीने, नावानिशी. ते पूर्वजांचा गौरव करावयास निघाले होते आणि पूर्वजांच्या दास्याचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने जगापुढे ठेवला. आम्हांस यात त्या मंडळाचे मोठेपण दिसते. ज्या माणसाने मुलाबाळांसाठी आपल्या देहाची चार वर्षे गहाण टाकली, त्याला लपवून ठेवणे हीच खरी कृतघ्नता होय.

बंधुभगिनींनो, दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आम्ही आपलेही सांगितले पाहिजे. आमचे पणजोबा एका मोठ्या घराचे कारभारी होते, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि सांगतही आलो. गेल्या वर्षी वंशावळीच्या निमित्ताने माळ्यावरील पेटी काढली, तीत एक जीर्ण रोखा सापडला. वडिलांच्या कर्जापोटी पणजोबांनी सावकाराच्या घरी सात वर्षे राबावे, असा तो लेख आहे. खाली त्यांच्या हातची नांगराची निशाणी आहे. आम्ही तो रोखा घडी करून पुन्हा पेटीत ठेवला आणि घरात कोणास बोललो नाही. इतरांच्या घरी जाऊन "सर्व खरे सांगा" म्हणणारे आम्ही, स्वतःच्या घरी मनातल्या मनात म्हणालो, हे तेवढे छापू नये.

फिलाडेल्फियाच्या त्या नोंदवहीची हकीकत वाचल्यावर आम्ही ती पेटी पुन्हा उघडली. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांच्या पणतवाने पस्तीस वर्षे मुलांना अक्षरे शिकविली. त्या नांगराच्या निशाणीवाचून आमच्या खडूला अर्थ काय? तो रोखा आम्ही आज वंशावळ-समितीच्या स्वाधीन करीत आहोत. तो आमच्या नावानिशी छापावा.

आपणांस विनंती चारच गोष्टींची. आपणांपासून आरंभ करून मागे जा. ऐकीव गोष्ट लिहा, पण ऐकीव म्हणूनच लिहा. लेकी आणि सुना यांची नावे माहेर-सासरसह नोंदवा. आणि घरातील जुना कागद, तो कितीही अडचणीचा असो, जाळू नका. आज संगणकावर परदेशच्या चर्चच्या वह्यादेखील घरबसल्या पाहता येतात. पण जो कागद आपण नष्ट केला, तो कोणतेही यंत्र परत आणून देणार नाही.