तारेतला सुटलेला शब्द
(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



आठवीत मराठीच्या बाईंनी आपल्याला तार लिहायला शिकवली होती. शब्दाला पैसे पडतात, म्हणून कमीत कमी शब्द. मी लिहिलं, ‘आजी आजारी’. बाईंनी अर्धा गुण कापला आणि विचारलं, “मग त्याने निघायचं की थांबायचं?” 2013 साली तारसेवाच बंद झाली, पण तो प्रश्न माझ्या नोकरीत रोज उभा राहतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दुरुस्तीचा पॅच निघाला की त्यासोबतची टिपण मी लिहितो. ती वाचणारा माणूस घाईत असतो. तो एकटा पन्नास मशीन सांभाळतो, आणि सगळं सुरळीत चाललं की कुणाला त्याची आठवणही येत नाही.

काही वर्षांपूर्वी मार्चअखेरीस मी एका पॅचसोबत लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा व त्रुटींचे निवारण’. तो लावल्यावर डेटाबेसची फेरबांधणी होते आणि तिला चार तास लागतात, हे मला ठाऊक होतं. वाटलं, त्यांना कळेलच. अकोल्याच्या एका पतसंस्थेत तो भरदुपारी लावला गेला. काउंटर बंद पडले, पेन्शनवाली म्हातारी माणसं रिकाम्या हाताने परतली. तिथला सिस्टीम सांभाळणारा रात्रभर बसून होता. सकाळी त्याचा मला फोन आला, “काऊन बे, हे टिपण कोणं लिवली?” तो आपल्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा. मी म्हटलं, “मीच.” थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “एक ओळ कमी लिवली तू, माही रात गेली ना लेका.”

उलटंही घडतं. 14 मार्च 2017 ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर छिद्राची दुरुस्ती दिली. अनेकांनी ती लावली नाही. मे महिन्यात त्याच छिद्रातून ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. जूनमध्ये ‘नोटपेट्या’ने तेच छिद्र वापरलं, आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. पॅच लावणं लांबवणारा प्रत्येक जण आळशी नसतो. आधी एखाद्या पॅचने हात पोळलेले असतात, म्हणून तो थांबतो. माझ्यासारख्यांच्या अर्धवट टिपणांनीच ती भीती वाढते.

आता मी पाच गोष्टी आधी लिहितो. कोणत्या आवृत्तीला लागू? आज लावायचा की रविवारपर्यंत थांबलं तरी चालेल? काम किती वेळ बंद राहील, मशीन पुन्हा सुरू करावं लागेल का? आधीचं काय चालेनासं होईल? बिघडलंच, तर मागे कसं यायचं? नव्या सोयींचं कौतुक सगळ्यात शेवटी. आणि ‘किरकोळ’ हा शब्द मी टाकूनच दिला. किरकोळ काय, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

टिपण बाहेर जाण्याआधी मी आपल्या त्या मित्राला वाचायला देतो. त्याला दोन मिनिटांत कळली नाही, तर पुन्हा लिहितो. तो आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय, मोबाईल सुरू ठेवून. मध्येच उठून गेला, तर रागावू नका.

बाई, तो अर्धा गुण बरोबर कापला होतात.