गावाचा वारसा, सार्वजनिक पैसा आणि आपला वाटा

(तालुक्यातील बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या सभेसाठी मला जो विषय दिला आहे, तो वरवर पाहता साधा वाटतो. गावाचा वारसा जपावा, गावाची ओळख जगापुढे मांडावी, जुन्या वास्तू, कला व आठवणी यांचे जतन करावे, यासाठी सरकारी व निमसरकारी अनुदाने मिळतात. ती आपण मागावीत की नाही, आणि मागावयाची तर कोणत्या नात्याने, हा तो प्रश्न होय. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, म्हणून हा प्रश्न त्यांना अधिकच जाणवत असणार.

याची दोन उत्तरे आपल्या वस्त्यांतून ऐकू येतात. पहिले उत्तर असे की, गावाने आम्हाला वेशीबाहेर ठेवले, तेव्हा त्याच्या वारशाशी आमचा संबंध काय? दुसरे उत्तर असे की, पैसा येतो आहे ना, मग तो कशाच्या नावाने येतो हे कशाला पाहावयाचे? माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्याने आपण आपला हक्क सोडून देतो आणि दुसऱ्याने आपला मान.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी ग्रामगौरवाची कल्पना साफ झिडकारली होती. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे व जातीयतेचे आगर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांनी हे अभ्यासाने व अनुभवाने म्हटले होते. ज्या व्यवस्थेत सांगावा पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे आणि सरकारी अंमलदारांच्या मागे धावणे ही कामे जन्माने एका समाजाच्या माथी मारली जातात व मोबदल्यात तुटपुंजी जमीन आणि बलुते मिळते, तिचा गौरव त्या समाजाने काय म्हणून करावा? या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. म्हणून कोणी ‘पूर्वीचे सुखी गाव’ असे चित्र रंगवू लागला, तर त्या चित्रात आपले आजोबा कोठे उभे आहेत, हे प्रथम पाहावे.

परंतु गावाचे कौतुक करणे वेगळे आणि गावाच्या सार्वजनिक मालमत्तेवर हक्क सांगणे वेगळे. आपली चळवळच मुळी सार्वजनिक पैशाच्या प्रश्नावर उभी राहिली, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मांडला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. नुसत्या ठरावाने काम होत नाही हे दिसताच १९२६ साली त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, असे त्यात म्हटले होते. जो गावातील सर्वांना आत घेत नाही, त्याला सर्वांच्या तिजोरीतून पैसा मागण्याचा अधिकार नाही, हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीच मांडले गेले आहे.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपणास ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले. पुढे त्याच वर्षी डिसेंबरात विरोधकांनी दिवाणी दावा लावला आणि अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची आपली रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे म्हटले. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि ती अनादी रूढी विरोधकांना शाबीत करता आली नाही. वकील या नात्याने मला या निकालाचे महत्त्व फार वाटते. ‘आमच्या गावची परंपरा’ असे म्हटल्याने परंपरा सिद्ध होत नाही. ती कोणाची, किती जुनी आणि तिचा पुरावा काय, असे विचारण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. वारशाच्या नावाने अनुदान मागणाऱ्यासही हेच तीन प्रश्न विचारावेत.

आता आजच्या कायद्याकडे वळू. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तळी, घाट, रस्ते व सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या केल्या. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद २९ ने आपली वेगळी संस्कृती जतन करण्याचा हक्क प्रत्येक नागरिक-समूहास दिला. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांची यादी आहे. त्यात ‘सांस्कृतिक कार्य’ हा विषय आहे आणि अनुसूचित जातींचे कल्याण हाही आहे. तेव्हा ग्रामपंचायतीने वारशाच्या कामावर खर्च करावयाचे ठरविले, तर ते काम कोणाच्या वारशाचे हा प्रश्न ग्रामसभेत विचारणे म्हणजे भांडण उकरून काढणे नव्हे; ते मतदाराचे कर्तव्यच होय. आणि बौद्ध झाल्यामुळे अनुसूचित जातीचे हक्क जातील, ही भीती कोणी घालीत असेल तर त्यास सांगावे की, १९९० च्या दुरुस्तीने त्या हक्कांत बौद्धांचा स्पष्ट समावेश झालेला आहे.

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने ‘मेरा गाँव मेरी धरोहर’ या नावाने देशातील साडेसहा लक्ष खेड्यांची सांस्कृतिक नोंद करण्याचा उपक्रम लोकांपुढे ठेवला. गाव कशासाठी ओळखले जाते, याची त्यात सदरे आहेत : कला व कारागिरी, निसर्ग, ग्रंथपरंपरा, रामायण-महाभारत व पुराणांतील कथा, स्थानिक व राष्ट्रीय इतिहास, वास्तू इत्यादी. ही यादी म्हणजे अनुदान नव्हे, हे खरे. परंतु ज्याचे नाव यादीत नाही त्याच्यासाठी निधी मागणेही पुढे कठीण जाते. माहिती सांगावयास गावातील चार प्रतिष्ठित बसले, तर मंदिर, वाडा आणि जत्रा एवढीच गावाची ओळख लिहिली जाईल. आपण तेथे नसलो, तर आपली वस्ती एक तर वगळली जाईल, किंवा ‘वाजंत्री’ या सदराखाली येईल.

या वाजंत्रीविषयी मला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे, कारण येथेच आपली कुटुंबे पेचात सापडतात. समजा, गावाच्या महोत्सवाला अनुदान मिळाले आणि मिरवणुकीपुढे पूर्वीच्या पद्धतीने डफ-हलगी वाजविण्याचा निरोप वस्तीत आला. वाजविणे ही कला आहे, यात शंका नाही. मग नकार द्यावा की होकार? माझ्या मते तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात. नाही म्हणण्याची मोकळीक आहे काय? ठरलेली बिदागी इतर कलावंतांप्रमाणेच मिळणार आहे काय? कार्यक्रमपत्रिकेत कलावंत म्हणून नाव छापले जाणार आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर वाजविणारा कलावंत आहे, खुशाल वाजवावे. एकही उत्तर नकारार्थी असेल, तर ती वेठ आहे, आणि वेठीला वारशाचे वस्त्र नेसविल्याने तिचे स्वरूप पालटत नाही. नकार दिल्याबद्दल कोणी दाणापाणी, दुकान वा रस्ता बंद करील, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या पाठीशी आहे.

मग आपला वारसा कोणता? तो शोधावयास दूर जावे लागत नाही. वस्तीची पहिली विहीर कोणी खणली, पहिला मुलगा व पहिली मुलगी शाळेत केव्हा गेली, वतनाचे काम कोणी व कोणत्या वर्षी सोडले, दीक्षेचा दिवस कसा पार पडला, हा आपला वारसा होय. आंबेडकरी जलशांत गाणाऱ्यांच्या वह्या, जुनी छायाचित्रे, सभेची पत्रके, वतनाचे कागद, आणि वृद्ध आयाबायांच्या मुखातील आठवणी, हा ऐवज दरवर्षी कमी होत चालला आहे. छप्पर गळाले तर पुन्हा घालता येते. म्हातारी गेली की तिच्याबरोबर एक पेटी कायमची बंद होते. वस्तीचे नाव हासुद्धा वारशाचाच प्रश्न आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. ज्या गावाच्या दप्तरात जुने नाव अजून उभे आहे, तेथे वारशाच्या अर्जापूर्वी हा अर्ज करावा.

पैसा कसा वापरावा, याचा धडाही आपल्याच परंपरेत आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात तेथील दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने संघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल काढावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. दोन हजारांचे वार्षिक व्याज दोनशे चाळीस. ते वर्षावासातील वीस भिक्षूंच्या चीवरांसाठी प्रत्येकी बारा. हे सर्व निगमसभेत जाहीर करून नोंदविले गेले. सुमारे एकोणीस शतकांपूर्वीचा हा दस्तऐवज पाहून कोणताही वकील मान तुकवील. दात्याचे नाव, रक्कम, दर, हेतू, ठेवीदार आणि जाहीर नोंद, सर्व काही दगडावर कोरलेले! आपल्या विहाराच्या भिंतीवर वर्षाचा जमाखर्च लावलेला असतो काय, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, अनुदान व्यक्तीला नको, संस्थेला हवे. किमान सात जणांनी मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवावी व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यासाची नोंद करावी. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा. पुष्कळ संस्था हे न केल्यामुळेच कागदावर मृत होतात. परदेशी संस्थेचा पैसा मात्र २०१० च्या परकीय योगदान कायद्याची परवानगी असल्याशिवाय स्वीकारू नये, मग देणारा कितीही जवळचा असो.

दुसरी, जागेचा कागद. विहार वा वाचनालय ज्या जागेवर उभे आहे, ती गावठाणात आहे, ग्रामपंचायतीची आहे की गायरान आहे, हे नमुना ८ व सातबारा काढून पाहावे. कागदावाचून बांधलेली भिंत अनुदानाने रंगविता येत नाही.

तिसरी, हेतू नीट लिहावा. अनुच्छेद २७ चा रोख असा आहे की, विशिष्ट धर्माच्या संवर्धनाकरिता कर द्यावयास कोणावर सक्ती होऊ नये. या तत्त्वावर आपण मंदिरावरील खर्चाला प्रश्न विचारू, तर तोच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. म्हणून वारशाच्या अनुदानातून वाचनालय, अभ्यासिका, कागदपत्रांचे जतन, आठवणींचे संकलन हीच कामे मागावीत. वंदना व पूजा आपल्या दानातून करावी. ती आपली शान आहे.

चौथी, ग्रामसभेला जावे, आणि स्त्रियांनी तिच्या आधी होणाऱ्या महिला सभेला जावे. ठराव तोंडी सांगून येऊ नये. लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि इतिवृत्ताची नक्कल मागावी. नक्कल न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच.

बंधुभगिनींनो, ज्यांनी आपला इतिहास लिहिला नाही, त्यांचा इतिहास इतरांनी लिहिला, आणि त्यात त्यांना वेशीबाहेरच ठेवले. अनुदानाची रक्कम थोडी असेल, कधी मिळणारही नाही. परंतु अर्जावर आपल्या वस्तीचे नाव, आपल्या माणसांची नावे आणि आपण ठरविलेला हेतू लिहिला गेला, तर सरकारी दप्तरात गावाची व्याख्या तेवढ्यापुरती बदलते. येत्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक वस्तीने एक वही घ्यावी, सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि पहिले पान लिहावे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम!