तारेच्या खांबावरील पांढऱ्या वाट्या

आगगाडीच्या खिडकींतून तारेचे खांब मोजण्याचा खेळ ज्यांनीं लहानपणीं खेळला असेल, त्यांना खांबाच्या आडव्या दांडीवर उपड्या बसविलेल्या पांढऱ्या वाट्या खचित आठवत असतील. त्यांचा संग्रह करणें हा माझा उतारवयांतील छंद आहे. असले चिनी मातीचे तुकडे जमवून काय साधतें, या प्रश्नाचें उत्तर आज देण्याचें योजिलें आहे.

प्रथम वाटीचें कार्य पाहूं. उघड्या तारेंतील वीज खांबावाटे जमिनींत शिरूं नये म्हणून तार वाटीच्या गळ्याला बांधीत. कोरड्या हवेंत हें सोपें. परंतु पावसांत वाटी भिजली म्हणजे पाण्याच्या पातळ थरावरून वीज पाझरते. यावर लॅटिमर क्लार्क या इंग्रज अभियंत्यानें १८५६ च्या सुमारास एकींत एक अशी दुहेरी वाटी योजिली. बाहेरची वाटी भिजली तरी आंतली कोरडी राहते, आणि विजेची वाटही लांबते. १८५४ सालीं मुंबई-कलकत्ता तार सुरू झाली व १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली. त्या घाटांतील पाऊस ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना या युक्तीचें मोल निराळें सांगावयास नको.

वाटीची परीक्षा करणें कठीण नाहीं. फुटक्या कडेवर शाईचा थेंब टाकावा. पक्क्या भाजणीची चिनी माती शाई शोषीत नाहीं, कच्ची शोषिते. आंतील आटे, झिलई आणि कारखान्याची मुद्रा हींही पाहावीं. इंग्लंडांतील बुलर्स कारखान्याच्या वाट्या संग्राहकांच्या विशेष परिचयाच्या आहेत.

परंतु माझें खरें सांगणें पुढेंच आहे. भंगाराच्या ढिगांतील वाटी ही केवळ वाटी होय. ती कोणत्या स्थानकांमधील, कोणत्या खांबावरील, हें टिपलेलें असेल तरच ती इतिहासाचा पुरावा ठरते. म्हणून प्रत्येक वाटीस क्रमांक द्यावा व स्थळ, तारीख आणि देणाऱ्याचें नांव वहींत लिहावें. खांबावर चढून वाटी काढणें जिवावर बेततें. आणि रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणें हा १९६६ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. लिलावांतील माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून पावतीसह घ्यावी, हाच सरळ मार्ग.

सार्वजनिक तारसेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली. रेल्वेचे संदेशही आतां बव्हंशीं जमिनीखालील तारांतून जातात. वाट्या आणखी शंभर वर्षें टिकतील. पण कोणती तार कोणत्या कामाची होती हें सांगणारे वृद्ध तारमास्तर व लाइनमन तितके टिकावयाचे नाहींत. आपल्या गांवीं असा कोणी असेल, तर वाटी मागूं नका. वही घेऊन त्याच्यापाशीं बसा. तो संग्रह अधिक निकडीचा आहे.