हृदयरोगाशी सामना : उत्तर करेलियाचा अनुभव

अंगमेहनत करणाऱ्या माणसाला हृदयविकार होत नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. शारीरिक श्रम हृदयाला हितकारक आहेत, यात शंका नाही. परंतु केवळ त्यांवर विसंबून राहता येत नाही. फिनलंडच्या पूर्वेकडील उत्तर करेलिया प्रांताचा अनुभव याची साक्ष देतो.

अरण्ये आणि सरोवरे यांनी व्यापलेल्या या प्रांतात लाकूडतोड व दुग्धव्यवसाय ही चरितार्थाची प्रमुख साधने होती. माणसे काटक होती. तरीही १९७० च्या सुमारास हृदयविकाराने होणाऱ्या पुरुषांच्या मृत्यूंचे येथील प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. घरातील कर्ते पुरुष ऐन उमेदीत दगावत. अखेर १९७१ मध्ये प्रांताचे राज्यपाल व लोकप्रतिनिधी यांनी शासनाकडे साहाय्य मागितले आणि १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का या तरुण वैद्याच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला.

रोगाचे मूळ रोजच्या ताटातच होते. पावावर लोण्याचा जाड थर, सायीचे दूध, भरपूर मीठ, भाज्या मात्र नावापुरत्या; आणि जोडीला धूम्रपान. लोणी व साय यांतील संपृक्त स्निग्धांशामुळे रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते व ते रोहिण्यांच्या भिंतींत साचते. जादा मिठाने रक्तदाब चढतो. तंबाखूने रोहिण्यांच्या अस्तराला इजा पोहोचते. ही तिन्ही कारणे एकत्र आली की धोका कित्येक पटींनी वाढतो.

नुसत्या उपदेशाने सवयी बदलत नाहीत, हे प्रकल्पाच्या चालकांनी ओळखले. महिला मंडळांनी नव्या पाककृती घरोघरी पोहोचविल्या. शाळा, दुकानदार व अन्नपदार्थांचे उत्पादक यांना कार्यात सामील करून घेण्यात आले. परिचारिकांनी रक्तदाब तपासून नोंदी ठेवल्या. पुढे कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी गावागावांत स्पर्धाही झाल्या. लोण्याचा खप घटल्यास पोट कसे भरावे, हा दूध उत्पादकांचा प्रश्न रास्त होता. त्यावर बेरीवर्गीय फळांच्या लागवडीला चालना देण्यात आली, तर थंड हवामानात येणाऱ्या मोहरीवर्गीय पिकाचे तेल लोण्याला पर्याय ठरले. आरोग्य आणि उपजीविका यांचा मेळ घातला गेला, म्हणूनच लोक टिकून राहिले.

पुढील सुमारे साडेतीन दशकांत, ३५ ते ६४ वर्षे वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. नंतरच्या काळातील सुधारित उपचारांचाही त्यात वाटा होता. परंतु मोठा वाटा बदललेल्या राहणीचा होता.

भारतात आज हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे मृत्यूचे प्रमुख कारण आहे. महाराष्ट्राचे ताट निराळे असले, तरी पापड, लोणचे, फरसाण यांतून जाणारे मीठ, वारंवार तापविलेले तेल, मिसरी, तंबाखू आणि बिडी हे धोके येथे परिचयाचे आहेत. प्रौढ व्यक्तीस दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा चमचाभरही नव्हे, इतके मीठ पुरेसे आहे. आठवड्यात किमान १५० मिनिटे झपझप चालणे हितावह होय. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. यास्तव तिशीनंतर तो नियमित तपासणे आणि वैद्यांच्या सल्ल्यावाचून औषध न थांबविणे अगत्याचे आहे.

शालेय पोषण आहारातील मिठाचे माप, तंबाखूमुक्त शाळा, ग्रामसभेच्या दिवशी रक्तदाब तपासणी, चालण्यास निर्धोक रस्ता : ही कामे शिक्षक, ग्रामपंचायत आणि आरोग्य उपकेंद्र यांच्या आवाक्यातील आहेत. गावाने मनावर घेतले, तर अनेक घरांचे कर्ते हात वाचतील.